धाक, २५० मिलिग्रॅम

औषधाची चाचणी म्हटलं की एक ठरलेला साचा असतो. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी फसवी गोळी, आणि कोणाच्या वाट्याला काय आलं हे पेशंटला ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. रक्तदाबाच्या गोळीला हा साचा फिट्ट बसतो, कारण गोळी कोणती ते रक्तवाहिन्यांना सांगावं लागत नाही. डायसल्फिरामपाशी मात्र तो अडखळतो. दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी ही गोळी न पिणाऱ्या माणसाला सहसा फारसं काही करत नाही. तोंडाला धातूची चव येते, थोडी सुस्ती वाटते, इतकंच. तलफ ती कमी करत नाही. ती काम करते एका वाक्याच्या जोरावर: 'आज प्यायलो तर आपलं काही खरं नाही.' औषध वाक्यात असेल तर फसव्या गोळीसोबत पेशंटला नेमकं काय सांगायचं?

गेली पंचाहत्तर वर्षं संशोधक या प्रश्नाभोवती फिरत आहेत. व्यसनाच्या क्षेत्रात चाचण्या कशा होतात, कुठे फसतात, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला तरी दिसत नाही.

हा पदार्थ मुळात रबर पक्कं करण्याच्या कारखान्यांतला. तिथल्या कामगारांना दारू सोसत नाही असं १९३७ साली अमेरिकेतले कारखान्याचे एक डॉक्टर, ई. ई. विल्यम्स, यांनी नोंदवून ठेवलं होतं. पुढे कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघे हाच पदार्थ जंतांवरचं औषध म्हणून तपासत होते. त्यांनी तो स्वतःही घेऊन पाहिला, मग दारू घेतल्यावर चेहरा लालबुंद, डोकं ठणकतंय, छाती धडधडतेय. १९४८ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि १९५१ साली अमेरिकेत औषधाला मान्यताही मिळाली. आजच्या मापाने पाहिलं तर चाचणी म्हणावी असं त्या घाईत फार थोडं होतं. डोस आजच्या कितीतरी पट असे. वर पेशंटला दवाखान्यातच दारू पाजून 'बघ काय होतं ते' असा प्रत्यक्ष अनुभव दिला जाई. त्यात माणसं दगावली, तेव्हा ती पद्धत मागे पडली.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो. दारूचं यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग एक एन्झाइम त्याचा निचरा करतं. डायसल्फिराम या एन्झाइमलाच कायमचं निकामी करतं, त्यामुळे ॲसिटाल्डिहाइड साचत जातं. प्यायल्यावर दहा ते तीस मिनिटांत चेहरा तापतो, उलट्या होतात, नाडी धावते, रक्तदाब खाली येतो. निकामी झालेलं एन्झाइम दुरुस्त होत नाही, शरीराला ते नव्याने बनवावं लागतं. म्हणून शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहू शकतो. हा दोन आठवड्यांचा हिशेब पेशंट डॉक्टरांपेक्षा चोख ठेवतात. मेव्हण्याचं लग्न कधी, गटारी कधी, त्याच्या किती दिवस आधी गोळी चुकवायची, हे गणित मनात तयार असतं.

आता १९८६ कडे येऊ. रिचर्ड फुलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नऊ रुग्णालयांत ६०५ पुरुषांवर वर्षभर चाचणी घेतली. धाकाचा प्रश्न त्यांनी हुशारीने सोडवला. एका गटाला (२०२ जण) २५० मिलिग्रॅमची गोळी दिली. दुसऱ्याला (२०४ जण) फक्त १ मिलिग्रॅमची. डायसल्फिराम आहे, पण इतकं कमी की प्यायलं तरी काही होऊ नये. दोन्ही गटांना सांगितलं एकच: तुम्हाला डायसल्फिराम मिळतंय, प्यायलात तर त्रास होईल. धाक दोघांनाही सारखाच, रसायन मात्र एकालाच. तिसऱ्या गटाला (१९९ जण) डायसल्फिराम नाही, नुसतं जीवनसत्त्व, आणि तेही त्यांना सांगूनच. समुपदेशन तिन्ही गटांना.

वर्षाअखेरीस पूर्णपणे कोरडे राहिलेल्यांच्या प्रमाणात तिन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक निघाला नाही. बातमी झाली ती एवढीच: डायसल्फिराम चालत नाही. पण ज्यांनी मधूनमधून प्यायली आणि ज्यांच्या सगळ्या मुलाखती पूर्ण झाल्या, त्यांच्यात पिण्याचे दिवस पाहा. २५० मिलिग्रॅमवाल्यांचे वर्षात सरासरी ४९, एक मिलिग्रॅमवाल्यांचे सुमारे ७५ आणि जीवनसत्त्ववाल्यांचे सुमारे ८६. म्हणजे एकदा पाय घसरला की खऱ्या गोळीवाला लवकर सावरत होता. हा आकडा चाचणीनंतर निवडलेल्या उपगटाचा आहे, त्यावर इमारत बांधू नये. पण फेकून देण्यासारखाही तो नाही.

त्या चाचणीतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. गोळ्यांमध्ये रायबोफ्लेविन मिसळलं होतं. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते, ती याच जीवनसत्त्वामुळे, आणि अतिनील दिव्याखाली ते चमकतं. गोळी खरंच पोटात जाते का हे त्यावरून तपासलं गेलं. नियमित गोळी घेणारे निघाले साधारण पाचात एक. पाचातल्या चौघांनी जे घेतलंच नाही ते चालतं की नाही, हे ठरवायचं कसं? त्यात एक मेख आणखी. नियमाने गोळी घेणारे तिन्ही गटांत जास्त कोरडे राहिले, जीवनसत्त्ववाल्यांतसुद्धा. म्हणजे गोळी रोज घेणं हीच मुळात सोडायची तयारी झालेल्या माणसाची खूण असू शकते. म्हणून 'ज्यांनी नीट औषध घेतलं त्यांना फायदा झाला' असं वाक्य कुठल्याही अहवालात दिसलं की सावध व्हावं. वाटप झालेल्या सगळ्यांना, गोळी घेवो न घेवो, त्यांच्याच गटात मोजायचं, हा नियम यासाठीच आहे. मध्येच गायब झालेल्याला व्यसनाच्या चाचण्यांत बहुधा 'पुन्हा पिऊ लागला' असंच धरतात. हे गृहीत कठोर आहे, पण उलटं धरणं जास्त घातक.

मग पुढची पायरी उघड होती: गोळी कोणीतरी समोर बसून द्यायची. ब्रिटनमध्ये जोनाथन चिक आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली १२६ पेशंटवर सहा महिने हे केलं. एका गटाला २०० मिलिग्रॅम डायसल्फिराम, दुसऱ्याला क जीवनसत्त्व, दोन्ही कोणाच्या तरी देखरेखीखाली. आपण काय घेतोय हे पेशंटला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मोजमाप करणाऱ्याला. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो. पेशंटच्या डोळ्यांवर पट्टी बांधता येत नसेल तर निदान मोजणाऱ्याच्या डोळ्यांवर बांधा. न पिण्याचे दिवस डायसल्फिराम गटात सरासरी १०० ने वाढले, दुसऱ्या गटात ६९ ने. यकृतावरचा ताण दाखवणारं जीजीटी पहिल्या गटात उतरलं, दुसऱ्यात चढलं. पेशंट खोटं बोलू शकतो, जीजीटीला ते जमत नाही.

मुंबईतही अशी एक चाचणी झाली. अविनाश आणि ॲलन डिसूझा यांनी २००४ साली ती प्रसिद्ध केली. १०० पुरुष, घरचं माणूस सोबत आणि गोळी देण्याची जबाबदारी त्याच्यावर. निम्म्यांना डायसल्फिराम, निम्म्यांना तलफ कमी करणारं नॅल्ट्रेक्सोन. वर्षाअखेरीस डायसल्फिरामवाले ८६ टक्के कोरडे, नॅल्ट्रेक्सोनवाले ४४ टक्के. गंमत म्हणजे तलफ नॅल्ट्रेक्सोनवाल्यांचीच कमी होती. इच्छा होत होती, पण पीत नव्हते, असे लोक पहिल्या गटात जास्त. या चाचणीचं दुबळेपणही सांगायला हवं. पेशंट, डॉक्टर आणि घरचं माणूस, तिघांनाही कोण कुठल्या गोळीवर आहे हे ठाऊक होतं. चिक यांच्यासारखी निदान मोजणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी असती तर आकड्यांना अधिक वजन आलं असतं. शिवाय घरचं माणूस रोज सकाळी उभं राहतं अशी घरं निवडून घेतलेली होती. ज्याला घरच नाही, किंवा ज्याच्या घरी आता कोणी बोलत नाही, त्याच्यासाठी हे ८६ टक्के नाहीत.

२०१४ साली एका फ्रेंच गटाने अशा २२ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. पेशंटला गोळी माहीत असलेल्या चाचण्यांत डायसल्फिराम स्पष्टपणे पुढे होतं आणि झाकलेल्या चाचण्यांत फरक शून्याजवळ. बाकी कुठल्याही औषधाबद्दल असा निकाल आला असता तर आपण म्हटलं असतं की फायदा हा निव्वळ मनाचा खेळ. इथे मनाचा खेळ हेच औषध आहे. झाकलेल्या चाचणीत धाक दोन्ही गटांत सारखा वाटला जातो आणि वजाबाकीत उडून जातो. चाचणी चोख असते, पण ती भलत्याच प्रश्नाचं उत्तर देते.

'देखरेखीखाली' हा शब्द अहवालात एका ओळीत येतो, प्रत्यक्षात त्यातच सगळं आहे. सुरुवात करायची तर शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास गेलेले हवेत, श्वासाची तपासणी शून्य दाखवत असेल तर उत्तम. त्याआधी यकृताच्या तपासण्या, आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा. डायसल्फिरामने होणारी कावीळ दुर्मिळ असली तरी जिवावर बेतू शकते. हृदयविकार असेल किंवा भ्रम-भास होत असतील तर ही गोळी नाही. क्षयाच्या आयसोनियाझिडसोबत तोल जाणं आणि वागण्यात बदल दिसतात, जुलाबावरच्या मेट्रोनिडाझोलसोबत भ्रम होऊ शकतो. आपल्याकडे दारू आणि क्षय एकाच माणसात वारंवार सापडतात, त्यामुळे हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचा. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं हे बरेच जण सांगतात. द्राक्षासव, अशोकारिष्ट सांगायचं राहून जातं. आसव-अरिष्टं आंबवून केलेली, त्यात पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल आपोआप तयार झालेलं असतं.

गोळी सकाळी, कुटून अर्ध्या ग्लास पाण्यात कालवून. अख्खी दिली तर ती जिभेखाली बसते आणि न्हाणीघरात थुंकली जाते. प्यायल्यावर दोन-चार मिनिटं बोलत बसायचं, चौकशीच्या सुरात नाही, चहा घेत. काहींना २५० मिलिग्रॅमवर प्यायलं तरी फारसं काही होत नाही, कारण यकृतात या औषधाचं सक्रिय रूप पुरेसं बनत नाही. असा एक जण निघाला की बातमी अख्ख्या ग्रुपमध्ये पसरते आणि धाक संपतो. आणि जिथे नवरा-बायकोत आधीच मारहाण आहे तिथे बायकोला पहारेकरी नेमणं म्हणजे तिला आणखी संकटात ढकलणं. तिथे भाऊ, कारखान्यातला दवाखाना किंवा केमिस्ट बरा.

मोजमापाचं एक वेगळंच दुखणं आहे. 'किती पिता?' याला मिळणारं उत्तर 'दोन पेग' असतं, आणि पेग कोण ओततो त्यावर त्याचं माप. म्हणून बाटलीवरून हिशेब करायचा. १८० मिलिलिटरची क्वार्टर, ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे ७७ मिलिलिटर. अल्कोहोल पाण्याहून हलकं असल्याने ०.७९ ने गुणायचं, झाले ६१ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त याला अतिपान म्हणते, म्हणजे एक क्वार्टर थेट त्या रेषेवर. ६५० मिलिलिटरची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर ४१ ग्रॅम. 'मी दारू नाही, बिअरच घेतो' म्हणणाऱ्याच्या दोन बाटल्या ८२ वर जातात.

गेल्या तीन महिन्यांचं आठवायला लावताना कॅलेंडर समोर ठेवतात. पगाराचे दिवस, साप्ताहिक सुट्टी, जत्रा, लग्नं, मयत हे आधी भरून घ्यायचं, मग त्याभोवतीचं आपोआप आठवतं. महाराष्ट्रात या कॅलेंडरवर एक मोठा खड्डा असतो: श्रावण. एरवी रोज पिणारे कितीतरी पुरुष गटारीला उरलेला कोटा पूर्ण करून श्रावण पाळतात, काही जण गणपती उठेपर्यंत. आषाढात उपचार सुरू करून भाद्रपदात निकाल मोजला तर कुठलीही गोळी चमत्कार करेल. व्यसनमुक्तीतले 'आधी आणि नंतर' असे तक्ते पाहताना मी म्हणूनच आधी महिना बघतो. तुलनेचा गट असेल तर श्रावण दोन्हीकडे सारखा येतो, पण त्यासाठी वाटप वेळेनुसारही समतोल हवं. म्हणून चार किंवा सहा जणांच्या छोट्या तुकड्या पाडून प्रत्येक तुकडीत चिठ्ठ्या टाकून निम्मे-निम्मे वाटतात, आणि तुकडीचा आकार बदलता ठेवतात. नाहीतर भरती करणाऱ्याला पुढची चिठ्ठी ओळखता येते आणि बरा होईलसा वाटणारा पेशंट तो आपसूक हव्या त्या गटासाठी थांबवून धरतो.

पेशंटच्या डोळ्यांवर पट्टी बांधता न येणं ही अडचण फक्त या गोळीची नाही. बोलून होणाऱ्या कुठल्याही उपचारात ती असते. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेली चाचणी २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. घातक प्रमाणात पिणारे ३७७ पुरुष, पिण्याच्या सवयी जोखणाऱ्या 'ऑडिट' या दहा प्रश्नांच्या चाचणीत १२ ते १९ गुण असलेले. त्याहून वरच्या, व्यसनाच्या पायरीवर पोहोचलेल्यांना यात घेतलं नव्हतं. मानसोपचाराचं कुठलंही व्यावसायिक शिक्षण नसलेल्या, पण यासाठी प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांशी जास्तीत जास्त चार बैठका. आपल्याला समुपदेशन मिळतंय हे पेशंटपासून लपवणार कसं? लपवलं ते मोजणाऱ्यापासून. तीन महिन्यांनी आठच्या खाली गुण आलेले ३६ टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात २६. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के विरुद्ध १८. मात्र जे पीत राहिले त्यांच्या रोजच्या प्रमाणात फरक पडला नाही, आणि हे अहवालात स्वच्छ लिहिलं आहे. असं लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास बसतो.

संमतीचा मुद्दा अनेकदा सही घेण्यापुरता उरतो. प्यायलेल्या माणसाची संमती ही संमती नाही, आणि दारू तुटल्यावर हात थरथरणाऱ्या माणसाचीही नाही. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत, भ्रमाचा साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. तो माणूस त्या वेळी 'काहीही द्या पण झोप द्या' अशा अवस्थेत असतो. विथड्रॉवल उतरल्यावर, कागद घरी नेऊ देऊन, दुसऱ्या दिवशी विचारायचं. भरती मंदावते, मंदावू द्यावी.

आता भिंतीवरच्या त्या जाहिरातीकडे: 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा.' पुडीत काय असतं हे विकत घेणाऱ्याला कळत नाही. काही घरांत डॉक्टरने लिहून दिलेली डायसल्फिरामचीच गोळी कुटून आमटीत टाकली जाते. हे करणाऱ्या बाईची अगतिकता समजू शकते. पण वर सांगितलेल्या चाचण्यांच्या उजेडात पाहा. गोळीचं बळ धाकात आणि धाक माहितीत. नकळत दिली की धाक शून्य, उरते फक्त विषबाधा. माणूस नेहमीसारखा पितो, कोसळतो, आणि ते कशामुळे झालं हे त्याला कळतही नाही. म्हणजे पुढच्या वेळी सावध होण्यासारखं तो काहीही शिकत नाही. तो 'आज माल खराब होता' म्हणतो आणि ब्रँड बदलतो. हृदयाचा त्रास आधीच असेल तर तेवढीही संधी नाही. आणि कधीतरी हे उघडकीला आलं की त्या घरात वाढलेलं ताट तो संशयानेच बघणार.

पेशंट दवाखान्यात यायलाच तयार नसेल तर काय, याचीही चाचणी झालेली आहे. न्यू मेक्सिकोत विल्यम मिलर, रॉबर्ट मायर्स आणि स्कॉट टोनिगन यांनी १९९९ साली उपचार नाकारणाऱ्या पेशंटच्या १३० नातेवाइकांना तीन प्रकारे मदत केली, प्रत्येकाला एकूण बारा तास. एका गटाला ॲल-ॲनॉन या पिणाऱ्यांच्या नातेवाइकांच्या गटाच्या धर्तीवर स्वतःला त्यातून अलिप्त कसं ठेवायचं हे सांगितलं. तिथे १३ टक्के पेशंट पुढे उपचाराला आले. दुसऱ्याला, सगळ्यांनी मिळून पेशंटला समोर बसवून सुनावायचं शिकवलं. तिथे ३० टक्केच, कारण बऱ्याच घरांनी ती बैठक घेतलीच नाही. तिसऱ्याला शिकवलं ते असं: मारहाणीची शक्यता असेल तर आधी स्वतःच्या सुरक्षेची तजवीज. तो शुद्धीत असेल तेव्हा सोबत जेवणं, फिरणं, गप्पा. प्यायलेला असेल तेव्हा भांडण न करता उठून दुसऱ्या खोलीत जाणं. त्याने केलेली घाण, बुडवलेली ड्यूटी, घेतलेली उधारी आपण निस्तरायची नाही. आणि उपचाराचा विषय काढायचा तो त्याला स्वतःलाच पश्चात्ताप होत असेल अशा सकाळी, दवाखान्याची वेळ आधीच घेऊन ठेवून. तिथे ६४ टक्के आले.